शेवटची पंगत: नाशिकचे पाच दिवस

बुधवार

वाकडेवाडीहून दुपारी दोनला निघालेली बस नारायणगाव सोडल्यावर पंक्चर झाली. उन्हं मरणाची. अर्धी बस खाली उतरून एका बाभळीच्या सावलीत दाटीवाटीनं उभी राहिली. एप्रिलचा पहिला आठवडा, ईस्टरच्या आधीचा दुःखसहनाचा आठवडा, आणि मी निघाले होते नाशिकला मावशीकडे. डिसेंबरात तिचं खुब्याचं ऑपरेशन झालं. मुलगा दुबईत. "ईस्टरला तरी ये गं कोणीतरी," एवढंच ती फोनवर म्हणाली होती आणि ते 'कोणीतरी' मला लागलं होतं.

उशीर होतोय हे सांगायला तिला फोन केला. आमच्यात मोठ्यांना सलाम म्हणायची पद्धत आहे, तसं म्हटलं. शेजारच्या सीटवरच्या बाई ऐकत होत्या. सिन्नरला उतरणाऱ्या. फोन ठेवल्यावर त्यांनी पिशवीतून डबा काढला, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी, आणि डबा माझ्यापुढे धरून विचारलं, "ख्रिश्चन का तुम्ही? घ्या ना. आमच्याकडचं चालतं ना?"

चालतं. मी दोन खाल्ले.

पण 'चालतं का' हा प्रश्न माझ्या डोक्यातून नाशिक येईपर्यंत हलला नाही. माझ्या आजीच्या गावात हा प्रश्न उलट्या दिशेनं वाहायचा. तिच्यासाठी एका घराच्या ओसरीवर, कोनाड्यात, कान तुटलेली एक कपबशी ठेवलेली असायची. चहा वरून ओतला जायचा. पिऊन झाला की तिनंच ती कपबशी विसळून पुन्हा कोनाड्यात पालथी घालायची. आजीला कोणी 'चालतं का' असं विचारत नसे, कारण तिला सगळ्यांचं चालायचं आणि तिचं कोणालाच नाही. सिन्नरच्या बाईंना यातलं काही ठाऊक असायचं कारण नाही. त्यांनी मायेनंच विचारलं. तरीही आपल्या भाषेत माणसाला जेवू घालताना आधी हा प्रश्न यावा, यातच सगळं आलं.

नाशकात सिंहस्थाची कामं चाललेली, रस्ते जागोजागी खणलेले. शरणपूर रोडला पोचायला रात्रीचे साडेदहा झाले. मावशी वॉकर धरून दारातच उभी. तिला डायबेटिस. साडेआठला जेवून गोळी घ्यायची असा डॉक्टरांचा दंडक. टेबलावर दोन ताटं पालथी ठेवलेली होती.

"मावशी, तू जेवली नाहीस?"

"एकटीनं जेवायचं म्हणजे औषध घेतल्यासारखं होतं गं. बिस्किट खाल्लंय मी. बस."

मग जेवणाची प्रार्थना. मावशीची प्रार्थना आमच्या घराण्यात प्रसिद्ध आहे. ती अन्नाबद्दल आभार मानते, शेतकऱ्याबद्दल मानते, गॅस सिलिंडर आणून देणाऱ्या मुलाचं नाव घेते, मग दुबई, मग ज्यांच्या ताटात आज काही नाही ते, मग आजारी, मग प्रवासातले. लहानपणी आम्ही एक डोळा उघडून वरणावर साय धरते का ते बघायचो. आजही धरली. पण यादी ऐकताना लक्षात आलं, दोन ताटांच्या टेबलावर तिनं वीस-पंचवीस माणसं आणून बसवली होती.

गुरुवार

सकाळी रिक्षानं जलालपूरला गेले. गंगापूरच्या बाजूला, गोदावरीकाठचं लहानसं गाव. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म इथला, १८६८ चा. लग्नाआधीचं नाव मनू गोखले. गावात बघायला असं काही विशेष नाही, नदी आहे, झाडं आहेत, एक म्हातारबुवा होते त्यांनी "पुण्याहून आलात एवढ्यासाठी?" म्हणून माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं. पण मला ती नदी बघायची होती. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळं असं कडक, की बाजारातून घरात आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायची. त्या पाण्यापायी बायकांचे हाल. 'स्मृतिचित्रे' हे त्यांचं आत्मचरित्र वाचताना आपण तिथे हसतो, कारण त्या हसवतात.

आणि त्याच घरातल्या मुलीच्या वाट्याला काय यावं! १८९५ साली नवरा ख्रिस्ती झाला. पुढची पाच वर्षं या हिंदूच राहिल्या. काही काळ दूर, मग एकाच संसारात पण चूल वेगळी, पाणी वेगळं. नवरा-बायकोत ताट लागत नाही! मग एक दिवस त्यांच्या मनानं घेतलं की जात देवानं केलेली नाही, माणसांनी केली, आणि यापुढे कोणाच्याही हातचं खायचं. माझ्या वाचण्यात मला नेहमी भिडलं ते हे की त्यांचा बाप्तिस्मा नंतर झाला. आधी घास आला. धर्मांतराच्या गोष्टीत आपण बाप्तिस्म्याचं पाणी शोधतो, इथे मात्र सगळं उलगडतं ते स्वयंपाकघरात.

परत आले तोवर मावशीचं स्वयंपाकघर जांभळं झालेलं. संध्याकाळी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षरस घेतात ते. त्याचा द्राक्षरस करायचं काम यंदा महिला मंडळानं तिच्याकडे दिलं होतं. ऑपरेशननंतर तिला काहीतरी काम द्यावं म्हणून दिलं असावं, पण ती मात्र ते सैन्याच्या शिस्तीनं करत होती. हंगाम संपत आलेला. पिंपळगाव बसवंतकडची काळी द्राक्षं, शरद सीडलेस, अडीच किलो. देठ काढून, तीन पाण्यांतून धुऊन, जाड बुडाच्या पातेल्यात अर्धा पेला पाणी घालून मंद आचेवर. साल सुटायला लागलं की डावाच्या पाठीनं दाबायचं. मग स्वच्छ मलमलीतून गाळायचं.

"पिळू नको!" ती ओरडली. "पिळलं की गढूळ होतं. टांगून ठेव. आपोआप उतरतं."

मलमलीची पुरचुंडी नळाला बांधली आणि आम्ही दोघी खाली ठेवलेल्या स्टीलच्या भांड्यात पडणारे थेंब बघत बसलो. टप्. टप्. वरच्या बाजूला साल आणि गर, खाली रस. माझी बोटं संध्याकाळपर्यंत जांभळी होती. पुन्हा एकदा उकळून गरम गरमच बाटल्यांत भरायचं, बूच लगेच लावायचं, नाहीतर या उकाड्यात दुसऱ्या दिवशी फसफसतं. ही युक्ती अमेरिकेतल्या एका दंतवैद्याची. थॉमस वेल्च, मेथडिस्ट, दारूचा कडवा विरोधक. प्रभुभोजनात दारू नको म्हणून १८६९ साली त्यानं बाटलीतला रस तापवून आंबणं थांबवलं. म्हणजे आज दुकानात डब्यातून मिळणाऱ्या द्राक्षरसाची सुरुवात एका चर्चच्या मेजासाठी झाली. कॅथलिकांना हे चालत नाही, त्यांना द्राक्षांचा वाईनच लागतो. (पुन्हा 'चालत नाही'.) आणि वाईनसाठी आता सगळा देश नाशिकचं नाव घेतो, ते वेगळंच.

संध्याकाळची उपासना. मावशीची मंडळी, म्हणजे तिचं चर्च, मूळ इंग्रज चर्च मिशनच्या परंपरेतली. शरणपूर हे नावच त्या मिशनच्या वसाहतीचं, शरण आलेल्यांचं पूर. एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलंही इथे ठेवली, शिकवली. त्यांतलाच जेकब वेनराइट. आफ्रिकेत फिरलेला मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन याचं प्रेत तिथून विलायतेला नेणाऱ्यांत तो होता आणि १८७४ साली वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला धरणाऱ्यांतही तो होता. हे सांगताना मावशीची मान अशी ताठ होते की जणू तो आमच्याच नात्यातला.

मी वाढले नगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेत. १९७० साली नागपुरात उत्तर भारतातली अनेक प्रोटेस्टंट चर्चं एक झाली तेव्हा दोन्ही परंपरा एकाच छत्राखाली आल्या, पण सवयी काही एक झाल्या नाहीत. इथे लोक उठून वेदीपुढच्या कठड्याशी जातात, गुडघे टेकतात, पाळकांच्या हातून घेतात, परत येतात. आमच्याकडे तसं नाही. आपण जागेवरच बसायचं. भाकरीचं ताट हातोहात फिरतं. मग छोट्या पेल्यांचा ट्रे. आणि घेतलेलं लगेच तोंडात टाकायचं नाही. धरून ठेवायचं. शेवटच्या बाकावरच्या शेवटच्या माणसाच्या हातात येईपर्यंत सगळ्यांनी थांबायचं. मग पाळक म्हणतात आणि सगळे एकदम. लहान असताना तो पेला धरून धरून माझा हात थरथरायचा. बाबा हळूच खालून आधार द्यायचे.

प्रेषित पौलानं ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेलं पत्र आज वाचलं गेलं. त्यातला जो भाग नेहमी वाचतात त्याच्या आगेमागे पौल चिडलेला आहे, आणि तो भाग पाळक सहसा सोडून देतात. आज सोडला नाही. करिंथमधलं जेवण म्हणजे खरंखुरं जेवण होतं, प्रीतिभोजन. ते एखाद्या सुखवस्तू माणसाच्या घरी व्हायचं. त्या काळच्या घरांत जेवणाची खोली लहान, तीन बाजूंनी तीन पलंग, प्रत्येकावर तिघं आडवे. नऊ माणसं. बाकीचे बाहेर अंगणात. घरधन्याचे मित्र दिवस कलायच्या आत येऊन बसायचे. गुलाम, हमाल, गोदीतले मजूर काम आटोपून यायचे तेव्हा अन्न संपलेलं, आणि आधी आलेल्यांपैकी काहींना चढलेली. पौल म्हणतो, हे प्रभूचं भोजन नव्हेच. आणि मग शेवटी उपाय सांगतो तो किती साधा: जेवायला जमाल तेव्हा एकमेकांची वाट पाहा.

मराठीत याला फार नेमका शब्द आहे, पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत एकाला तूप आणि दुसऱ्याला नुसतं वरण. आमच्या आजीच्या तोंडी हा शब्द शिवीसारखा यायचा.

कठड्याशी गुडघे टेकले तेव्हा मावशीला खाली वाकता येत नव्हतं. ती वॉकर धरून उभीच राहिली. पाळकसाहेब पेला घेऊन तिच्याशी आले आणि दुपारी मलमलीतून टपटपलेला तो रस तिच्या ओठांना लागला. तिनं डोळे मिटले. मग माझ्याकडे वळून कुजबुजली, "थोडा आंबट झालाय."

शुक्रवार

उपास. बारा ते तीन, येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार, सात प्रवचनं. त्यांतली चार चांगली होती. पंखे बंद पडले होते, आणि एका वक्त्याला 'मला तहान लागली आहे' या उद्गारावर वीस मिनिटं बोलायचं होतं. ऐकणाऱ्यांची तहान त्याला दिसत नव्हती.

सकाळी मात्र एकटीच पंचवटीत जाऊन आले होते. गुड फ्रायडेला काळाराम मंदिरात काय काम, असं मावशीनं विचारलं. मी सांगितलं, दार बघायचंय. २ मार्च १९३० ला या दाराशी डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांनी सत्याग्रह सुरू केला. त्याच्या तीन वर्षं आधी महाडला पाण्यासाठी. आणि १९३५ साली याच जिल्ह्यात येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं सांगून टाकलं. पाणी, देऊळ, ताट. माणसाला माणसापासून तोडायचं तर याच तीन जागी तोडतात. काळ्या दगडाचं ते देऊळ सुंदर आहे, आणि शुक्रवारी सकाळी तिथे गर्दी नव्हती. दारात उभी राहून मी माझ्या आजीच्या कपबशीचा विचार केला.

पण इथे थांबून दुसऱ्यांकडे बोट दाखवणं सोपं. आम्ही काय केलं? ख्रिस्ती घरांत लग्न जमवताना 'मूळचे कोण' हा प्रश्न आजही दबक्या आवाजात होतो. बामणाचे ख्रिस्ती, मराठ्याचे, महाराचे, मांगाचे. रोटी एक झाली, बेटी नाही. रोटीसुद्धा पहिल्या दिवसापासून सहज एक झाली असं कोणी समजू नये. खुद्द येशूचा शिष्य पेत्र अंत्युखिया शहरात परजातीयांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्यांबरोबर, जेवत होता, यरुशलेमहून काही वजनदार लोक आले तसा उठून वेगळा बसायला लागला. पौलानं त्याला सगळ्यांसमोर तोंडावर सुनावलं. मंडळीच्या अगदी पहिल्या मोठ्या भांडणांतलं हे एक, आणि ते झालं ताटावरून. आमच्या एकनाथांची गोष्ट याच जातीची आहे. पैठणच्या ब्राह्मणानं महाराच्या घरी जाऊन जेवावं, तेही कोणत्या काळात! लहानपणी आमच्या रविवारच्या शाळेत बाई जक्कय नावाच्या जकातदाराच्या घरी जेवायला गेलेल्या येशूबरोबर नाथांची गोष्ट सांगायच्या. कोणाला खटकायचं नाही.

तीन वाजता घरी आलो तर शेजारच्या काकू दारात. हातात झाकलेली ताटली. "आज तुमचा उपास ना, मावशी? साबुदाण्याची खिचडी आणलीये. वरीचे तांदूळ पण भिजवलेत, लागले तर सांगा."

आमच्या उपासात असं काही नसतं. तीनपर्यंत काही खायचं नाही, आणि मग साधं काहीतरी. साबुदाणा, भगर, रताळं ही वेगळी उपासाची दुनिया आमच्याकडे नाही. हे काकूंना समजावून सांगता आलं असतं. मावशीनं ताटली घेतली, झाकण उचललं, दाण्याचा कूट, जिरं, वरून लिंबू, आणि म्हणाली, "बरं झालं आणलीस. उपास तुझ्या हातचाच सोडते." मग काकूंनाही आत बसवून घेतलं. तिघींनी एकाच ताटलीतून खाल्ली. काकूंनी विचारलं, "तुमच्या देवाला आज मारलं ना? मग याला गुड कशाला म्हणतात?" मावशीनं पुढची वीस मिनिटं दिली त्याचं उत्तर. दुपारच्या प्रवचनांपेक्षा बरं होतं.

शनिवार

दिवसभर काही नाही. ख्रिस्त कबरेत असलेला दिवस, मावशी रेडिओसुद्धा लावत नाही. मी मेन रोडवर जाऊन चिवडा घेतला, पुण्याला न्यायला.

रात्री नाशिक रोडला गेले. शाळेतली मैत्रीण तिथे राहते, वसईची, कॅथलिक. नाशिक रोड म्हटलं की लोकांना नोटांचा छापखाना आठवतो. मुंबई-वसईच्या कॅथलिकांना बाळ येशूचं मंदिर. फेब्रुवारीत तिथे यात्रा भरते तेव्हा तिच्या घरात पाय ठेवायला जागा नसते. "ओळखीचे, बिनओळखीचे, सगळे आमच्याकडेच जेवतात," ती तक्रारीच्या सुरात म्हणते आणि तोंडावर फुशारकी असते.

पुनरुत्थानाच्या जागरणाची मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची उपासना. चर्चबाहेर अंधारात शेकोटी पेटवली, तिच्यावरून मोठी मेणबत्ती, आणि तिच्यावरून एकेकाची लहान मेणबत्ती. शेजाऱ्याकडून ज्योत घ्यायची, पुढच्याला द्यायची. पाच मिनिटांत सगळं चर्च उजळलं. मग ख्रिस्तप्रसादाची, त्यांच्या प्रभुभोजनाची, वेळ आली. लोक रांगेनं पुढे गेले. मैत्रीण उठली. मी बसून राहिले.

त्यांच्या मंडळीच्या नियमाप्रमाणे मला तो घेता येत नाही. मला हे माहीत आहे, तिलाही. कारणंही माहीत आहेत. प्रसाद घेणं म्हणजे त्या मंडळीशी पूर्ण एकरूप असल्याची खूण, आणि एकी नसताना खूण कशी करायची. समजतं. तरी बाकावर आपण एकट्या, दोन्ही बाजूंनी माणसं ओलांडून चाललेली, आणि गुडघे बाजूला घेऊन त्यांना वाट करून द्यायची. चाळीस वर्षांची मैत्री. एका डब्यात जेवलोय आम्ही, माझी अंडाभुर्जी तिनं आणि तिची सुकी मासळी मी. आणि ज्या मेजावर सगळ्यांनी एक व्हायचं त्याच मेजाशी आम्ही दोन. उद्या ती माझ्या चर्चला आली आणि आम्ही बोलावलं, तरी तिला तिच्या नियमानं घेता येणार नाही. पंक्तिप्रपंच म्हणू का याला? नाही म्हणत. पण आजीला विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती याचा मला अंदाज आहे.

ती परत आली. गुडघे टेकून प्रार्थना केली. उठून बसली तेव्हा न बोलता तिनं माझा हात हातात घेतला आणि शेवटच्या आशीर्वादापर्यंत सोडला नाही.

घरी तिनं फुगे तळले होते. वसईकडे सणाला करतात ते, फुगलेले, सोनेरी, आतून पोकळ आणि मऊ. सोबत मटणाचा रस्सा. रात्रीचे दीड वाजलेले. "खा," ती म्हणाली, "हे तरी घेता येतं ना तुला," आणि मग आम्ही दोघी हसलो ते थांबेचनात. तिचा नवरा आतून ओरडला.

रविवार

तिकडून परत येऊन तास-दीड तास डोळा लागला असेल. पाचला मावशीनं उठवलं. ईस्टरची पहाटेची उपासना दफनभूमीत. अंधारात प्रत्येक कबरीवर मेणबत्त्या आणि झेंडूची फुलं. मावशीनं काकांच्या कबरीवर हात ठेवला, दगडावरची धूळ पदरानं पुसली. पूर्वेला उजाडायला लागलं तसं 'ख्रिस्त उठला आहे', 'खरोखर उठला आहे'. मग फाटकाशी चहा आणि पाव. उठलेल्या ख्रिस्तानंही तसंच केलं होतं. तलावाकाठी निखारे पेटवून त्यावर मासे आणि भाकर ठेवली, आणि रात्रभर जाळी ओढून दमलेल्यांना म्हणाला, या, न्याहारी करा.

भाकर. आमच्या मराठी बायबलात पाव नाही, भाकरच आहे. 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.' मी लहान असताना शेवटच्या भोजनाचं चित्र डोळ्यांपुढे आणायचे तेव्हा येशूच्या हातात ज्वारीची भाकरी असायची, नगरच्या घरच्यासारखी, पापुद्रा सुटलेली. 'भाकर मोडली' हे वाचलं की मला तो आवाज ऐकू यायचा. मऊ पाव असा मोडत नाही. अम्माऊस गावच्या अकरा-बारा किलोमीटरच्या वाटेवर उठलेला ख्रिस्त दोन शिष्यांबरोबर चालला, शास्त्र उलगडून सांगितलं, तरी त्यांनी ओळखलं नाही. घरात येऊन भाकर मोडली आणि ओळखलं. पाहुणा म्हणून आत आलेला, वाढणारा झाला.

उपासनेनंतर दुपारी चर्चच्या आवारात प्रीतिभोजन. मांडव, तीनशे माणसं. आचारी पहाटेपासून चुलाणावर. मटण, भात, शाकाहाऱ्यांना बटाट्याचा रस्सा, आणि बुंदी. मावशीनं मला वाढायला उभं केलं.

खरं तर मी वाढायला तयार नव्हते, आणि त्याला कारण आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका चर्चच्या प्रीतिभोजनात मी वाढत होते. पहिल्या पंगतीला ओळखीचे बसलेले. "ताई, अजून एक पीस," कोणी म्हणालं की मी शोधून चांगला द्यायचे. दुसरी पंगत झाली. तिसरीला मंडळीतली ती माणसं आली जी सुट्टी घेऊ शकत नव्हती: सोसायट्यांचे वॉचमन, भाजीची गाडी लावून आलेली एक जोडी, सफाईकाम उरकून आलेल्या चार बायका. पातेल्यात हाडं आणि तळाचा रस्सा. त्यांतली एक बाई मला म्हणाली, "असू दे ताई, भात आहे ना." रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. त्या दिवशी सकाळीच मी वेदीपाशी करिंथचा तो उतारा वाचला होता, मोठ्यानं, चांगल्या उच्चारात.

हे मी मावशीला कधीतरी सांगितलं होतं. ती विसरली असेल असं मला वाटलं.

पहिली पंगत बसली. लोक मावशीला खुर्ची देऊन "बसा, बसा" करत होते. ती बसेना. "मी शेवटी," म्हणाली. गोळीची वेळ झाली होती. मी चिडले. तिनं पर्समधून बिस्किट काढून खाल्लं आणि मला म्हणाली, "तू वाढ. डाव लहान घे."

लहान डाव घेतला. "ताई, अजून एक" म्हणणाऱ्यांना "नंतर बघते" म्हटलं. एका काकांनी तोंड वाकडं केलं. दोन पंगती उठल्या. तिसरी लागली तेव्हा अडीच वाजून गेले होते. पत्रावळी मांडल्या. आचारी आणि त्याचे तीन पोरगे, मांडववाला, चर्चचा वॉचमन, दोन बायका ज्या सकाळपासून भांडी घासत होत्या, पाळकसाहेबांच्या मिसेस, मावशी खुर्चीवर, मी. पातेल्यात मटण होतं. फार नव्हतं, पण होतं. आचाऱ्यानं स्वतःच्या हातानं सगळ्यांना सारखं वाढलं, मोजून, सोनाराच्या तराजूसारखं.

मावशीनं प्रार्थनेला हात जोडले आणि डोळे मिटायच्या आधी पत्रावळी मोजल्या. एक जास्त होती.

"ही कोणाची?"

"टेंपोवाल्याची," मांडववाला म्हणाला. "तो खुर्च्या भरतोय. तुम्ही घ्या करून, तो मागून बसेल."

मावशीनं जोडलेले हात मांडीवर ठेवले. "बोलव त्याला."

आचाऱ्याच्या धाकट्या पोरानं फाटकाकडे तोंड करून हाक मारली. तिकडून "आलो, आलो, दहाच राहिल्यात" असं उत्तर आलं, आणि खुर्च्या एकमेकींत घातल्याचा खडखडाट. भातावरची वाफ गेली. वॉचमननं पेल्यातलं पाणी पिऊन पेला पुन्हा भरला. पोरगा बोटानं पत्रावळीच्या कडेची बुंदी एकेक करून मोजत होता, खात नव्हता. मावशी फाटकाकडे बघत बसली होती.